यूएसबी ऑसिलोस्कोप घेताय? सतत रेकॉर्डिंग करायचं असेल तर मेगाहर्ट्झ नाही, आधी हा आकडा बघा

रात्री दोनला लाईट येते. मोबाईल स्टार्टरवरून मोटर चालू होते. पहाटे कधीतरी ती जळते. सकाळी शेतकरी विहिरीवर पोचतो तेव्हा फक्त जळका वास उरलेला असतो.

वायंडर म्हणतो, ‘सिंगल फेजिंग झालं असंल दादा.’ वायरमन म्हणतो, ‘मोटरच जुनी होती.’ शेजारचा म्हणतो, ‘व्होल्टेज कमी होतं, माझा बल्ब पिवळा दिसत होता.’ तिघांपैकी खरं कोण बोलतंय? कुणालाच माहीत नाही, कारण त्या क्षणी बघायला कुणी नव्हतं.

सातारा-सांगली भागातल्या कुठल्याही गावात हा प्रसंग नवा नाही. आणि इंजिनिअरिंगला असलेल्या एखाद्या पोराच्या डोक्यात इथंच कल्पना येते: रात्रभर सिग्नल रेकॉर्ड करून ठेवला तर? मग तो ऑनलाईन ‘यूएसबी ऑसिलोस्कोप’ शोधतो. समोर २० मेगाहर्ट्झ, ५० मेगाहर्ट्झ, १०० मेगासॅम्पल असे आकडे येतात. बजेटमध्ये बसणारा सगळ्यात मोठा आकडा तो निवडतो. पार्सल येतं, आणि पहिल्याच रात्री कळतं की हे यंत्र रात्रभर रेकॉर्ड करतच नाही.

असं का होतं? आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून काय बघायचं? समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- ऑसिलोस्कोपच्या जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या चित्रासाठी असतो. सतत रेकॉर्डिंगचा वेग वेगळा आणि खूप कमी असतो. त्याला ‘स्ट्रीमिंग रेट’ म्हणतात.
- आधी आपला सिग्नल किती वेगाने बदलतो ते ठरवा. यंत्र नंतर निवडा.
- पंपाची वीज, कंपनं, आवाज, तापमान यातल्या बऱ्याच कामांना ऑसिलोस्कोप लागतच नाही. त्याहून स्वस्त साधन जास्त चांगलं काम करतं.
- २३० व्होल्टची लाईन यूएसबी ऑसिलोस्कोपला थेट जोडायची नाही. कधीच नाही.

ऑसिलोस्कोप म्हणजे नेमकं काय?

मल्टिमीटर तुम्हाला एक आकडा दाखवतो, समजा २३० व्होल्ट. ऑसिलोस्कोप त्याच व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख काढतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणजे एक लाट २० मिलिसेकंदांची. मल्टिमीटरला ही लाट दिसत नाही, ऑसिलोस्कोपला दिसते.

डिजिटल ऑसिलोस्कोप हा आलेख ठिपक्या-ठिपक्यांनी काढतो. ठरावीक वेळाने व्होल्टेज मोजायचं आणि आकडा साठवायचा. अशा प्रत्येक मोजणीला ‘सॅम्पल’ म्हणतात. यूएसबी ऑसिलोस्कोपमध्ये स्वतःचा स्क्रीन नसतो. छोटी डबी मोजणी करते आणि बाकी सगळं काम लॅपटॉप करतो. म्हणूनच तो स्वस्त पडतो.

फोटो की सीसीटीव्ही? इथंच गल्लत होते

ऑसिलोस्कोप मुळात फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यासारखा आहे. डबीत थोडीशी मेमरी असते, तिला ‘बफर’ म्हणतात. सिग्नल ठरवलेल्या पातळीला पोचला की यंत्र जागं होतं (हे झालं ‘ट्रिगर’), बफर भरतं, तो लॅपटॉपला पाठवतं, चित्र काढतं आणि मग पुढच्या फोटोची तयारी करतं. दोन फोटोंच्या मधल्या वेळात ते आंधळं असतं.

एक खरं उदाहरण घेऊ. ‘पिकोस्कोप २२०४ए’ हा ब्रिटिश कंपनीचा सुरुवातीच्या किमतीतला लोकप्रिय मॉडेल. त्याचा कमाल वेग आहे सेकंदाला १० कोटी सॅम्पल. पण बफर आहे फक्त ८ हजार सॅम्पलचा. भागाकार करा: पूर्ण वेगात हा बफर ८० मायक्रोसेकंदांत भरतो. विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे त्याच्या २५० पट लांब. पूर्ण वेगात तुम्हाला एका लाटेचा अडीचशेवा तुकडा दिसेल!

यात कंपनीची काही चूक नाही. त्याच यंत्राच्या माहितीपत्रकात दुसरा आकडाही दिलेला असतो: यूएसबी स्ट्रीमिंगचा वेग, सेकंदाला १० लाख सॅम्पल. या पद्धतीत प्रत्येक सॅम्पल थेट लॅपटॉपकडे जातं आणि मध्ये खंड पडत नाही. हा झाला सीसीटीव्ही. वेग शंभर पट कमी, पण रात्रभर जागा राहणारा.

सतत रेकॉर्डिंगसाठी हाच आकडा कामाचा. विक्रेत्याच्या पानावर तो दिसत नसेल तर उत्पादकाचं मूळ माहितीपत्रक उघडा. तिथंही नसेल, तर ते यंत्र या कामासाठी बनवलेलंच नाही असं धरून चाला.

कोयनेनं शिकवलेला धडा

सतत रेकॉर्डिंग का महत्त्वाचं असतं, याचं जगात गाजलेलं उदाहरण आपल्याच भागात आहे.

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारनंतर कोयनानगर हादरलं. भूकंपाची तीव्रता ६.३ होती. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरण भरायला लागल्यानंतर, म्हणजे १९६२ पासूनच, परिसरात धक्के जाणवू लागले होते. त्यामुळे तिथे भूकंपमापन यंत्रं आधीच बसवलेली होती. धरणाच्या आतल्या गॅलरीतही एक यंत्र होतं. जमिनीचं हादरणं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट जोराचं होतं, हे त्याने टिपलं. काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा परिणाम अभ्यासणारे जगभरचे इंजिनिअर आजही ही नोंद वापरतात.

धरणाच्या गॅलरीत असतात तशी जोरदार हादरे मोजणारी त्या काळची यंत्रं ‘ट्रिगर’वर चालायची. जमीन ठरावीक प्रमाणात हलली की ती चालू व्हायची. फिल्म वाचायची, पण धक्क्याची अगदी सुरुवात हुकायची, आणि लहान धक्क्यांना यंत्र जागंच व्हायचं नाही.

आज चित्र उलटं आहे. कोयनेनंतर सांगली जिल्ह्यातल्या वारणेच्या, म्हणजे चांदोली धरणाच्या परिसरातही धक्के बसू लागले. आता कोयना-वारणा भागातली केंद्रं रात्रंदिवस नोंद करतात. कराडजवळ हजारमाचीला भूविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे. तिच्या प्रकल्पात २०१७ मध्ये कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आलं.

आता गंमत बघा. भूकंपमापन केंद्रांत साधारणपणे सॅम्पलिंगचा वेग असतो सेकंदाला १००. कोटी नाही, लाख नाही, फक्त शंभर! जमीन त्याहून फार वेगाने हलत नाही, म्हणून तेवढा वेग पुरतो. खर्च होतो तो दुसऱ्या गोष्टींवर: खंड पडू नये, आकडा बारीक असावा आणि जीपीएसमुळे वेळ अचूक असावी.

खरेदीचा पहिला नियम हाच. वेग सिग्नलला पुरेल इतकाच घ्या आणि उरलेले पैसे विश्वासार्हतेवर घाला.

पहिलं पाऊल: तुमचा सिग्नल किती वेगवान?

सिग्नलमधल्या सगळ्यात वेगवान भागाच्या किमान दुप्पट वेगाने सॅम्पल घ्यावेच लागतात. हा गणिताचा नियम आहे. लाटेचा आकार नीट दिसायला हवा असेल तर दहापट धरा. आपल्याकडची काही कामं घेऊन बघू.

*शेतीपंपाची वीज.* लाट ५० हर्ट्झची. व्होल्टेज कधी पडलं एवढंच हवं असेल तर सेकंदाला एक-दोन हजार सॅम्पल खूप झाले. लाटेतला बिघाडही बघायचा असेल तर १० हजार.

*कारखान्यातल्या मोटरची कंपनं.* कुपवाड एमआयडीसी असो नाहीतर साताऱ्याचा एखादा वर्कशॉप, १४४० आरपीएमची मोटर सेकंदाला २४ फेरे मारते. तोल गेलाय का हे कळायला काहीशे सॅम्पल पुरतात. बेअरिंगचा बिघाड मात्र काही हजार हर्ट्झमध्ये दिसतो, तिथं २० हजारांच्या आसपास वेग हवा.

*मिरजेचा तानपुरा.* मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जवारी कशी लागली याचा आलेख काढायचाय? तारेचा मूळ स्वर शे-दोनशे हर्ट्झच्या घरातला, पण जवारीचा झणकार काही हजार हर्ट्झपर्यंत जातो. यासाठी ४८ हजार सॅम्पल हवेत. हा आकडा लक्षात ठेवा, तुमच्या लॅपटॉपमध्ये तो फुकट आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

*मोबाईल स्टार्टरमधला बोर्ड.* प्रोसेसर आणि सिमकार्डचं मॉड्यूल एकमेकांशी काय बोलतात हे पकडायचंय? तो सिग्नल फक्त ० किंवा १ असतो. व्होल्टेजची बारकी पातळी मोजायची गरजच नाही. इथं ऑसिलोस्कोपऐवजी लॉजिक ॲनालायझर घ्या.

माहितीपत्रकात बघायच्या पाच गोष्टी

१. स्ट्रीमिंग रेट. वर सांगितलाच. तो एका चॅनलसाठी आहे की सगळ्या चॅनलमध्ये वाटला जातो, तेही वाचा.

२. किती बिट? ८ बिट म्हणजे व्होल्टेजच्या पट्टीवर २५६ खुणा. १२ बिट म्हणजे ४,०९६ आणि १६ बिट म्हणजे ६५,५३६. उणे ५ ते अधिक ५ व्होल्टच्या पट्टीवर ८ बिटची एक पायरी जवळपास ३९ मिलिव्होल्टची पडते. सेन्सरचा सिग्नलच २० मिलिव्होल्टचा असेल तर तो त्या पट्टीवर दिसणारच नाही. स्वस्त यूएसबी ऑसिलोस्कोप बहुतेक ८ बिटचेच असतात.

३. किती चॅनल? स्वस्त यंत्रांत दोन असतात. पण पंपाला फेज तीन! सिंगल फेजिंग पकडायचं असेल तर तिन्ही फेज एकाच वेळी दिसायला हव्यात. दोन चॅनलचं यंत्र घेतलं तर जी फेज जाईल ती नेमकी तिसरीच असेल.

४. इनपुट आणि कपलिंग. यंत्र किती व्होल्टपर्यंत झेपतं? आणि ते डीसी, म्हणजे स्थिर किंवा संथ बदलणारं व्होल्टेज मोजतं का? लॅपटॉपचं साऊंड कार्ड डीसी मोजत नाही. तापमानाच्या सेन्सरला ते निरुपयोगी आहे.

५. सॉफ्टवेअर. फाईल थेट डिस्कवर लिहितं, की रॅम भरली की थांबतं? ठरावीक वेळाने नवी फाईल सुरू करतं का? यंत्र कितीही चांगलं असलं तरी सॉफ्टवेअर दहा मिनिटांनी थांबणार असेल तर उपयोग नाही.

हार्ड डिस्कचं गणित आधी करा

- भूकंपमापन केंद्रासारखी नोंद: १०० सॅम्पल, ३ दिशा, प्रत्येकी ४ बाईट. दिवसाला साधारण १०४ एमबी.
- विजेची लाट: १० हजार सॅम्पल, २ बाईट, एक चॅनल. दिवसाला साधारण १.७ जीबी.
- १० लाख सॅम्पल, १ बाईट: तासाला ३.६ जीबी, दिवसाला ८६ जीबी.
- २ कोटी ४० लाख सॅम्पल, १ बाईट: तासाला ८६ जीबी. एक टीबीची डिस्क बारा तासांच्या आत भरली.

हे आकडे साध्या बायनरी फाईलचे. एक्सेलमध्ये उघडता यावी म्हणून सीएसव्ही फाईल निवडलीत तर एका बाईटच्या जागी दहा-पंधरा बाईट लागू शकतात. शिवाय एक्सेलच्या एका शीटमध्ये साडेदहा लाखांच्या आसपासच ओळी मावतात. १० लाखांच्या वेगाने ती शीट एका सेकंदात संपते.

बाजारात पर्याय कोणते?

किमती सतत बदलतात, म्हणून इथं स्वस्ताकडून महागाकडे जाणारा साधारण क्रम देतोय.

लॅपटॉपचं साऊंड कार्ड. फुकट. १६ बिट आणि ४८ हजार सॅम्पल, सलग तासन्‌तास. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, एका चॅनलला तासाला साधारण ३५० एमबी लागतात. आवाज आणि वेगवान कंपनांसाठी ८ बिटच्या ऑसिलोस्कोपपेक्षा हे सरस. दोन पथ्यं पाळा: सेटिंगमधला नॉइज सप्रेशन आणि आपोआप आवाज वाढवणारा पर्याय बंद करा, नाहीतर लॅपटॉप तुमचा सिग्नल ‘सुधारून’ ठेवेल. आणि माईकच्या जॅकला मोठं व्होल्टेज देऊ नका.

अर्डुइनोसारखा बोर्ड. अर्डुइनो उनोमध्ये १० बिटचे सहा ॲनालॉग इनपुट आहेत. नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला साधारण साडेनऊ हजार मोजण्या होतात. तीन फेजमध्ये वाटल्या तर प्रत्येकी तीन हजारांच्या वर, म्हणजे एका लाटेचे साठ-एक ठिपके. सगळे ठिपके साठवायचीही गरज नाही. बोर्डवरच प्रत्येक लाटेची सरासरी ताकद, म्हणजे आरएमएस, काढा आणि तेवढाच आकडा एसडी कार्डवर लिहा. तीन फेजसाठी दिवसाला २६ एमबी. रात्रभर लॅपटॉप विहिरीवर ठेवायची भानगडच मिटली.

आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर. सेकंदाला २ कोटी ४० लाख सॅम्पलपर्यंत, पण फक्त ० आणि १. सिगरॉक-पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालतं.

एक्सपआईज-१७. हे भारतातलं. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्राने शाळा-कॉलेजांसाठी बनवलेलं. चार चॅनल, १२ बिट, १० लाख सॅम्पलपर्यंत वेग, आणि अधिक-उणे १६ व्होल्ट झेपणारे दोन इनपुट. प्रयोग शिकायला आणि शिकवायला उत्तम. पण तेही ठिपक्यांचा गठ्ठा घेऊन दाखवणाऱ्या जातीतलं, पूर्ण वेगात रात्रभर सलग चालणारं नाही.

हॅनटेक ६०२२बीई. सगळ्यात स्वस्त ‘खऱ्या’ यूएसबी ऑसिलोस्कोपपैकी एक. दोन चॅनल, ८ बिट, खोक्यावर ४८ मेगासॅम्पल. यूएसबी २.० ला प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच्या पुढे सहसा जाता येत नाही, त्यामुळे ४८ चा आकडा सलग मिळत नाही. सोबतच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू नका. या मॉडेलसाठी हौशी लोकांनी केलेलं मुक्त सॉफ्टवेअर आणि पायथन लायब्ररी उपलब्ध आहे, त्यातून कमी वेगाने फाईलमध्ये सलग नोंद करता येते. प्रोग्रॅमिंगची तयारी असेल तरच घ्या.

पिकोस्कोप २२०४ए. वरच्यापेक्षा महाग. पण स्ट्रीमिंग रेट लेखी दिलेला आणि सॉफ्टवेअर चांगलं. कुणाच्या मदतीशिवाय पहिल्या दिवसापासून काम सुरू करायचं असेल आणि दोन चॅनल, ८ बिट चालणार असतील, तर पैसे इथं घालायला हरकत नाही.

२३० व्होल्ट: हा भाग वगळून पुढे जाऊ नका

यूएसबी ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून थेट लॅपटॉपच्या ग्राऊंडला जोडलेली असते. ती क्लिप चुकून फेजला लागली तर? लॅपटॉप तीन पिनच्या चार्जरवर असेल तर भडका, यंत्र आणि लॅपटॉप दोन्ही गेले. ‘मग चार्जर काढून बॅटरीवर चालवतो’ हा सल्ला तुम्हाला व्हिडिओंमध्ये मिळेल. तो आणखी धोक्याचा. तेव्हा लॅपटॉपचे धातूचे भाग आणि यूएसबीचं पोर्ट २३० व्होल्टवर येतं आणि तुमचा हात कीबोर्डवर असतो.

आणखी एक हिशोब. २३० व्होल्ट ही सरासरी ताकद आहे. लाटेचं टोक ३२५ व्होल्टला जातं. दोन फेजमधलं ४१५ व्होल्ट धरलं तर टोक ५८७ व्होल्ट.

मग मोजायचं कसं?

- व्होल्टेजसाठी प्रत्येक फेजला छोटा ट्रान्सफॉर्मर (२३० चे ६ व्होल्ट करणारा) किंवा ट्रान्सफॉर्मर असलेलं सेन्सर मॉड्यूल वापरा. विजेचा थेट संबंध तुटतो. ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं टोकही ८-१० व्होल्टला जातं, म्हणून ऑसिलोस्कोपला १०x प्रोब लावा.
- करंटसाठी वायरभोवती बसणारा क्लॅम्प सीटी घ्या. वायर सोलावी लागत नाही. व्होल्ट आउटपुट देणाराच घ्या. ज्यात आतला रेझिस्टर नसतो, तो सीटी मोकळा सोडला तर त्याच्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं.
- यूएसबी आयसोलेटर जास्तीचं संरक्षण म्हणून ठीक. पण स्वस्त आयसोलेटर यूएसबीचा वेग १२ मेगाबिटवर आणतात, त्यामुळे वेगवान स्ट्रीमिंग बंद पडेल. आणि तो लावला म्हणून २३० व्होल्ट थेट जोडायची परवानगी मिळत नाही.
- पेटीतली जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून. डीपीला हात लावायचा नाही.

पंपाच्या बाबतीत करंट मोजणं महत्त्वाचं आहे, त्याला आणखी एक कारण आहे. चालू मोटरची एक फेज गेली तरी फिरणारी मोटर स्वतःच त्या फेजवर बरंचसं व्होल्टेज तयार करते. नुसतं व्होल्टेज बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. करंट मात्र खोटं बोलत नाही: एका वायरमध्ये शून्य, उरलेल्या दोन्हीत नेहमीपेक्षा जास्त. मोटर जळते ती यामुळेच.

पार्सल आल्यावर लगेच काय तपासायचं?

परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी घ्या.

१. माहीत असलेला सिग्नल द्या. उदाहरणार्थ, मोबाईलच्या टोन जनरेटर ॲपमधून हेडफोन जॅकवर १ हजार हर्ट्झची सलग लाट.

२. लागणारा वेग लावून एक तास रेकॉर्ड करा.

३. सॅम्पल मोजा. सेकंदाला १० हजार लावले असतील तर ३ कोटी ६० लाख यायला हवेत. लक्षणीय कमी आले तर मध्ये गळती आहे.

४. आकडा बरोबर आला तरी लाट झूम करून बघा. मध्येच तुटून दुसरीकडून सुरू झालेली दिसली तर तिथं खंड पडलाय.

५. हीच चाचणी रात्रभर घ्या. लॅपटॉपचं स्लीप मोड आणि आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा. यूएसबी हबऐवजी थेट पोर्ट वापरा.

वेळेचंही बघा. यंत्रातलं घड्याळ दहा लाखात ५० भाग चुकलं तर दिवसाला ४ सेकंदांचा फरक पडतो. दर तासाला नवी फाईल आणि तिच्या नावात तारीख-वेळ टाकली की हा फरक साठत नाही.

काही नेहमीचे प्रश्न

टेबलावरचा मोठा ऑसिलोस्कोप घेतला तर सतत रेकॉर्डिंग होईल?
कॉलेजच्या लॅबमधल्या यंत्रात ‘रोल मोड’ असतो. सिग्नल सरकत जाताना दिसतो, पण मेमरी भरली की जुनं पुसलं जातं. बघायला चांगला, रात्रभर साठवायला नाही.

ट्रिगर वापरून फक्त बिघाड पकडला तर?
बिघाड कसा दिसतो हे आधीच माहीत असेल तर उत्तम. माहीत नसेल तर आधी काही दिवस सलग नोंद करा. आपण ज्याची वाट बघत नव्हतो तेच बहुतेक वेळा घडलेलं असतं.

माझी फाईल पुरावा म्हणून चालेल?
घरी बनवलेल्या साधनाचं अधिकृत कॅलिब्रेशन झालेलं नसतं, त्यामुळे ती अधिकृत मोजणीची जागा घेणार नाही. पण ‘व्होल्टेज येत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘अमुक तारखेला पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी एका फेजचा करंट शून्य झाला आणि ४० सेकंदांनी मोटर बंद पडली’ ही तक्रार वेगळी ठरते. पुढची तपासणी कुठं करायची हे त्यातून कळतं.

मग शेवटी घ्यायचं काय?

पंपाच्या तिन्ही फेज रात्रभर बघायच्या असतील तर बोर्ड, तीन क्लॅम्प सीटी आणि एसडी कार्ड. आवाज किंवा वेगवान कंपनं असतील तर साऊंड कार्ड. ०-१ चे संदेश असतील तर लॉजिक ॲनालायझर. सेकंदाला लाखभर किंवा त्याहून जास्त सॅम्पल सलग हवेच असतील, तर आणि तरच स्ट्रीमिंग रेट लेखी दिलेला यूएसबी ऑसिलोस्कोप.

आणि नोंद सुरू झाली की पहिल्याच रात्री काहीतरी सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. आठ-पंधरा दिवस काहीच घडणार नाही. त्या साध्या रात्रींच्या फाईलीही जपून ठेवा. मोटर जळेल त्या रात्रीचा आलेख शेजारी ठेवून बघायला नेमक्या त्याच लागतात.